धाब्यावर पाइप धरून

विजयचा फोन आला तेव्हा मी ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. दोन वाट्या दाणे झाले होते, एक माझ्यासाठी आणि एक भिंतीपलीकडच्या घरासाठी, कारण माझी थोरली जाऊ कौसाबाई लेकाकडून आठ दिवसांत परत येणार होती. विजय तिचा लेक, संभाजीनगरला नोकरीला. तो म्हणाला, "काकू, आई गेली... सकाळीच." त्रास झाला का, एवढं मी विचारलं. नाही म्हणाला, चहा मागितला होता, सुनेनं कप आणेपर्यंत मान कलली. फोन ठेवता ठेवता त्याला काहीतरी आठवलं. "काकू, परवा आईनं तुमच्यासाठी निरोप देल्ला होता. मले काई समजला नाई. म्हणे, सुमनले सांग, इथं टीव्हीपायी कोणाले पाइप धरून उभं राहा लागत नाई."

त्याला समजला नाही. मला समजला. जाता जाता माणसं जावेला काय काय सांगून जातात, जपून राहा, लेकरांकडे पाहा. माझ्या जावेनं मला टोमणा पाठवला. तो माझ्या हक्काचाच होता, म्हणून मी तो मुकाट्यानं घेतला आणि उरलेल्या शेंगा सोलायला लागले. आता महिना होत आला. गावातल्या बायका येऊन जातात, मला म्हणतात, तुमच्या जावा-जावांसारखं प्रेम पाहिलं नाही. मी मान हलवते. ही मान हलवायची सवय मला फार जुनी आहे, आणि ती कुठून आली हे सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागेल. त्या वयातल्या माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं फारसं काही नाही, तेवढं आधीच सांगून ठेवते.

मी खामगावची. खामगाव म्हणजे माझ्या मते तेव्हा जगाची राजधानी होती आणि मी तिथली दहावी पास राजकन्या. लग्न होऊन वरवट बकालच्या अलीकडच्या या खेड्यात आले तेव्हा मी ठरवूनच आले होते की इथल्या लोकांसारखं 'मले', 'तुले' म्हणायचं नाही. चुलीपुढे बसूनसुद्धा पुस्तकातल्यासारखी बोलायचे. सासूबाई एकदा म्हणाल्या, ही सून आहे का बातम्या सांगणारी? मला तो मोठा सन्मान वाटला. वडिलांनी लग्नात टीव्ही दिला होता, काळा-पांढरा, लाकडी खोक्याचा, पुढे सरकत्या दारांचा. फाट्यापासून बैलगाडीतून येताना तो माझ्या मांडीला टेकून होता आणि आमचे हे, जागा नाही म्हणून, मागून पायी येत होते. गावानं आधी टीव्ही पाहिला, मग नवरी. गावात दुसरा टीव्ही नव्हता. त्यामुळे टीव्ही माझा, त्यात दिसणारी माणसं माझी, आणि ज्या घाटावरच्या टॉवरवरून ती यायची तो टॉवरसुद्धा माझ्याच बापानं उभा केला असावा, अशा थाटात मी वर्ष-दोन वर्षं वावरले.

कौसाबाईचं माहेर वडनेर भोलजी. बाप लहान शेतकरी, पण देशी जवारीचं बियाणं राखणारा म्हणून आजूबाजूच्या गावांत माहीत असलेला. वाळलेल्या भोपळ्यांत राखेत कालवून तो बी भरायचा आणि भोपळे आढ्याला टांगायचा. तिला लग्नात काय दिलं होतं, असं मी एकदा चारचौघींत मुद्दाम विचारलं. "भोपळाभर जवारी," ती म्हणाली आणि हसली. मीसुद्धा हसले. दोघींच्या हसण्यात किती अंतर होतं ते तिला त्याच क्षणी कळलं असणार, कारण पुन्हा तिनं माझ्यासमोर भोपळ्याचं नाव काढलं नाही.

आता त्या पाइपाविषयी. आमचं घर तेव्हा धाब्याचं, वर मातीचं सपाट छत. त्यावर, मागच्या अंगणापलीकडच्या खोल्यांच्या बाजूला, पंधरा-एक फुटांचा लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकाला अँटेना. घाटावरचा टॉवर लहान, आमचं गाव त्याच्या शेवटच्या कडेला, त्यामुळे चित्र कधी यायचं, कधी नुसत्या मुंग्या. वारा आला की अँटेना फिरायची, आणि मग कोणीतरी वर जाऊन पाइप पुन्हा दक्षिणेकडे वळवायचा. हे कोणीतरी म्हणजे कौसाबाई. दर उन्हाळ्यात धाब्यावर खारी माती तीच टाकायची, कुठं पाय दिला तर माती दबते आणि कुठं वासा आहे हे तिलाच ठाऊक. पुरुष वर गेले की घरात माती गळायची. म्हणून ती वर, पुरुष टीव्हीसमोर, आणि मी मागच्या खिडकीत, निरोप्याच्या जागेवर. आलं... गेलं... थोडं इकडं... हां, आलं. रोज संध्याकाळी अर्ध्या गावाला ऐकू जायचं. टीव्हीवाल्या सगळ्या गावांत हे असंच चालायचं, आणि ज्याच्या हातात पाइप असेल त्यानं काही पाहिलंय असं कोणत्याच गावात झालेलं नाही. तो उतरून येईपर्यंत कार्यक्रम तरी संपायचा, नाहीतर चित्र तरी जायचं.

त्यात आणखी एक गंमत होती. कधी कधी पाइपाला हात लावला की चित्र लख्ख व्हायचं आणि हात काढला की मुंग्या. का व्हायचं ते कोणाला माहीत नव्हतं. मामाजी, म्हणजे आमचे सासरे, म्हणायचे, कौसाच्या अंगात करंट आहे. मग बातम्या संपेपर्यंत ती पाइप धरून उभी राहायची, आणि खाली कोणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही. मलाही नाही.

एका उन्हाळ्यात, पेरणीच्या थोडं आधी, वडनेरहून पत्र आलं. शेतीच्या कार्यक्रमाची माणसं येऊन गेली, बापाच्या भोपळ्यांचं चित्रण केलं, अमुक दिवशी संध्याकाळी दाखवणार आहेत. पत्र मीच वाचून दाखवलं, कौसाबाईला फारसं वाचता येत नव्हतं. तिनं ते पुन्हा वाचायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. त्या चार-पाच दिवसांत ती घरात कशी फिरत होती ते मला अजून दिसतं. गावात सांगून आली. नवं लुगडं काढलं. मामाजींनी स्वतःहून शेजारच्यांना बोलावणं धाडलं, कौसाच्या बापाले पाहाले या. माझ्या बापाला पाहायला कोणी कधी कोणाला बोलावलं नव्हतं. माझ्या बापानं टीव्ही दिला आणि टीव्हीत बाप दिसणार तिचा! आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा माझ्या पोटात खरोखर दुखायला लागलं होतं. ओवा खाल्ला. ओव्यानं असलं दुखणं थांबत नाही.

त्या संध्याकाळी सकाळपासूनचा वारा होता, अँटेना पार उलट्या बाजूला, उत्तरेकडे फिरलेली. कौसाबाई नव्या लुगड्यातच वर चढली. म्हणाली, "मी लावून आलीच, सुमन, तू फकस्त हाक मार." ओटा माणसांनी भरला होता. कार्यक्रम सुरू झाला, आणि चित्र आलं. स्वच्छ आलं, त्या महिन्यात आलं नव्हतं इतकं. तिनं वरून विचारलं, "आलं का वं?" मला नुसतं म्हणायचं होतं, आलं, उतरा. मी म्हटलं, "आलं! हात काढू नका बाई, हात काढला की जातंय!"

एवढंच. फार मोठं कारस्थान नव्हतं, दोन वाक्यंसुद्धा धड नव्हती. मला वाटलं होतं, थोडा वेळ छळू आणि मग बोलावू. पण मग तिनं वरून विचारलं, "बाप दिसले का?" तिच्या आवाजात इतका आनंद होता की माझं पोट आणखी दुखलं. मी ओरडले, "दिसताहेत, दिसताहेत, सोडू नका!" आणि तिनं दोन्ही हातांनी पाइप धरला. मला खिडकीतून ती कंबरेपासून वर दिसत होती. वाऱ्यानं पदर उडत होता, तोंड टॉवरच्या बाजूला, जणू बाप तिकडूनच चालत येणार आहे. ओट्यावर लोक म्हणत होते, हाच का तो... हाव, हाच... भोपळे पाहा. कार्यक्रम संपला, लोक उठले. ती तरीही उभीच. सासूबाईंनी हाक मारली तेव्हा उतरली. दोन्ही तळवे गंजानं लाल झाले होते.

भाकरी थापताना तिनं मला विचारलं, कसे दिसले? छान, मी म्हटलं. काय बोलले? ओट्यावरच्यांना ते सांगता येत नव्हतं, कारण चित्र स्वच्छ असलं तरी आवाज खरखरत होता आणि त्यात सगळे बडबडत होते. मी खिडकीत उभी होते, टीव्हीच्या जवळ, म्हणून तिला वाटलं मला ऐकू आलं असेल. मला काय वाटलं कोण जाणे... कदाचित तिच्या लाल तळव्यांकडे पाहवेना. मी म्हटलं, "म्हणाले, माझी एक लेक वरवटकडे दिली आहे, तिलासुद्धा हेच बी दिलंय." तिची थापती भाकरी तशीच राहिली. "माहं नाव घेतलं?" मी म्हटलं, घेतलं.

हे खोटं आठ दिवसांत विरून जायचं होतं. पुढच्या खेपेला ती माहेरी गेली असती, बापाला विचारलं असतं आणि मी तोंडघशी पडले असते. मी त्याची तयारीसुद्धा करून ठेवली होती, की मला तसं वाटलं बाई, आवाज खराब होता. पण पेरणीच्या गडबडीत तिला जाता आलं नाही आणि पेरणी उरकायच्या आतच वडनेरहून तार आली. बापाचा ताप डोक्यात गेला होता. ती पोचली तेव्हा नुसते भोपळे टांगलेले होते. परत आली ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, सुमन, पुन्हा सांग, कसं म्हणले होते. मी पुन्हा सांगितलं. आणि मग दर वर्षी, जवारीचं बी काढायची वेळ आली की ती विचारायची आणि मी सांगायचे. आधी नुसतं नाव होतं. मग मी फेटा घातला. मग हसू. एका वर्षी तर मी त्यांना तिचं नाव घेताना डोळे पुसायला लावले. इतकी दिलदार बाई मी, काही हातचं राखलं नाही.

घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा मध्ये भिंत आली. टीव्ही माझ्या माहेरचा म्हणून माझ्याकडे राहिला. कौसाबाईला विचारलं, तुम्हाला काय हवं, ती म्हणाली पाइप. सगळे हसले. भासरे, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "टीव्ही नाई तं पाइप काय कपाळाले लावतं?" तिनं ऐकलं नाही. पाइप तिच्या बाजूला रोवला गेला, हाताशी येणाऱ्या उंचीवर तिनं त्याला लुगड्याची चिंधी गुंडाळली, उन्हात चटका बसू नये म्हणून. पुढे तिनं स्वतःचा टीव्ही घेतला. धाबं जाऊन स्लॅब आला, गावात केबल आली, मग घराघरावर छत्र्या आल्या, पण तिच्याकडे तोच पाइप आणि तोच एक सरकारी चॅनल. मी सगळ्यांना सांगायचे, बाईचा टीव्ही हवेवर चालतो, पंचर झाला की वर जाऊन हवा भरते. लोक हसायचे. ती का हट्ट करते, याचा मी एकदाही विचार केला नाही. खरं तर केला होता, आणि घाईनं सोडून दिला.

गेल्या उन्हाळ्यात विजय आला तेव्हा त्यानं एक लहानसा डबा आणला. संभाजीनगरला म्हणे आता डोंगरावरच्या मोठ्या टॉवरवरून डिजिटल चित्र येतं, जुन्याच अँटेनावर, ना छत्री ना केबल, फक्त हा डबा मध्ये जोडायचा. त्यानं मला समजावून सांगितलं की यात मुंग्या नसतात. आलं तर पुरं लख्ख, नाहीतर काळं ढुस्स. मधलं काही नाही. मला ते काही रुचलं नाही, माझा सगळा जन्म मधल्यातच गेला आहे. विजय दुसऱ्या दिवशी परत गेला, डबा आईजवळ ठेवून. आणि संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "सुमन, विजय म्हणे आपला टॉवरबी डिजिटल झाला. माहे गुडघे तं काई चढू देत नाईत. तू चढतं का?"

मी चढले. या वयात, कठडा धरत, एकेका पायरीवर देवाला बोलावत. पण खरं सांगते, मला आनंद झाला होता. एकदा तरी ती खाली आणि मी वर. वाटलं, जुनं काहीतरी फिटेल. वर जाऊन चिंधीपाशी पाइप धरला, दक्षिणेकडे वळवला आणि ओरडले, "आलं का वो बाई?"

"आलं! लय साफ आलं. हात नको काढू, काढला की जाते."

मला ते शब्द ओळखीचे वाटले. पण म्हातारपणी सगळेच शब्द ओळखीचे वाटतात. मी धरून उभी राहिले. ऊन पाठीवर होतं. मधून मी विचारायचे, आहे का? ती म्हणायची, हाव, सोडू नको. शेवटी सूर्य टेकला, हाक काही येईना, म्हणून मीच उतरले. कौसाबाई टीव्हीकडे पाठ करून बसली होती आणि सुपात जवारी निवडत होती. टीव्हीच्या निळ्या पडद्यावर लिहिलं होतं, सिग्नल नाही. घाटावरचा टॉवर केव्हाचा बंद झाला होता. विजयनं जाण्याआधी डबा जोडून पाहिला होता आणि तिला तसं सांगूनही गेला होता, हे मला त्याच्याकडूनच मागाहून कळलं.

मी चौकटीला टेकून उभी राहिले. ती मान वर न करता म्हणाली, "दुखले का हात?"

मी विचारलं, तुम्हाला कधी कळलं. ती म्हणाली, "तवाच. वाऱ्यानं पदर गेला म्हणून एक डाव हात सोडला होता. खालून कोणी वरडलं नाई."

"मग उतरल्या काऊन नाई?"

"म्हटलं, सारे पाहण्यात गुंग असतील, वरडाचं ध्यानात नसंल कोणाच्या. अन् खरंच गेलं असतं तं? माह्या हातानं बापाले घालवू?" मग तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "ते जाऊ दे. आता आपण दोघीबी मराले टेकलो. खरं सांग सुमन. बापानं माहं नाव घेतलं होतं का?"

ज्या प्रश्नाची मी जन्मभर धास्ती घेतली होती, तो तिनं इतक्या साध्या आवाजात विचारला. दार उघडं होतं, मला फक्त आत जायचं होतं. मी म्हटलं, "हाव." आता मी इथल्या लोकांसारखंच बोलते, तेवढी एक सुधारणा झाली आहे.

ती म्हणाली, "मंग बरं झालं," आणि सूप उचललं. त्यानंतर जवारीचा हंगाम आला, बी काढून झालं, पण तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. थंडीत छातीत कफ झाला म्हणून विजय घेऊन गेला. तो सांगत होता, शेवटच्या आठवड्यात तिनं त्याला तिथल्या टीव्हीला डबा जोडायला लावला, खिडकीत हातभर अँटेना ठेवली, आणि लख्ख आलं. काही फिरवावं लागलं नाही. तिनं शेतीचा कार्यक्रम लावायला सांगितला आणि तो संपेपर्यंत पाहिला. मग माझ्यासाठी तो निरोप दिला.

माझी सून म्हणते, मोठ्या आईनं तुम्हाला माफ केलं असं समजा. पण मी कौसाबाईबरोबर संसार केलाय, माफ करणारी बाई ती नव्हती. धरून ठेवणारी होती. आणि माफ तरी कशाबद्दल करायचं, तिला अर्धंच माहीत होतं. उरलेलं अर्धं मी इथं लिहिते, जिला सांगायचं ती ऐकायला नाही म्हणूनच लिहायची हिंमत होते आहे. तिच्या बापानं तिचं नाव घेतलं की नाही, मला माहीत नाही. फेटा होता का, हसले का, मला माहीत नाही. चित्र आलं एवढं मी पाहिलं आणि टीव्हीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. कार्यक्रम संपेपर्यंत मी खिडकीतून तिच्याकडेच पाहत होते, ती धाब्यावर कशी उभी आहे ते. तेवढंच मला नीट आठवतं, आणि ते तिनं मला कधी विचारलं नाही.

विजय तेराव्याला आला होता. घर बंद करून जाताना म्हणाला, पाइप काढून टाकतो काकू, वादळात कोणाच्या अंगावर पडायचा, भंगारवाला उद्याच येतो म्हणते. मी वर जाऊन पाहिलं. वरचे दांडे वाकलेत, कावळे बसतात. चिंधी तिथंच आहे, उन्हानं पांढरी पडलेली, माझ्या खांद्याच्या उंचीवर, कारण ती माझ्याहून उंच होती. मी खाली येऊन त्याला म्हटलं, राहू दे. त्यानं विचारलं, काऊन? मी म्हटलं, सरपंच सांगत होते, आपला टॉवर पुन्हा सुरू होणार आहे, डिजिटल. मग लागेल.

तो बरं म्हणाला. एवढं खोटं मला अजून जमतं.